पोटरी दुखेपर्यंत चालायचं? अण्णांच्या पायाचा रक्तपुरवठा आणि चालण्याचा व्यायाम (नाशिक)

गोदाकाठची | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

वडिलांसाठी विचारते आहे. लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

अण्णा ६९ वर्षांचे. नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. शुगर १६ वर्षांपासून. विड्या तीसेक वर्षं ओढल्या, त्या सुटल्या, पण जेवणानंतरची तंबाखूची चिमूट अजून आहे. रोज संध्याकाळी मुक्तिधामला चालत जाऊन यायचे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी साठीपर्यंत एकदाही चुकली नव्हती.

गेल्या दिवाळीपासून चालताना उजव्या पोटरीत गोळा यायला लागला. थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो, पुन्हा चाललं की तेवढ्याच अंतरावर परत येतो. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रस्त्यात थांबायचे आणि दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहायचे. आईच्या लक्षात आलं. पाच महिने कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, "वय झालं आता" हेही ऐकून झालं. शेवटी एका डॉक्टरांनी पावलावरची नाडी हाताने चाचपली, ती लागेना. मग घोट्याचं ब्लडप्रेशर मोजलं. एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या दाबाचं प्रमाण) उजवीकडे ०.६२, डावीकडे ०.८४. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत) उजव्या मांडीतल्या धमनीत अडथळा दिसला.

व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन म्हणाले, जखम नाही, रात्री दुखत नाही, तर स्टेंटची घाई नको. गोळ्या दिल्या, तंबाखू बंद करायला सांगितली आणि म्हणाले, "आठवड्यातून तीनदा दुखेपर्यंत चाला. दुखलं की थांबा, उतरलं की परत चाला. निदान तीन महिने."

इथेच अडलंय. अण्णा म्हणतात, "मोटर गरम झाली की बंद करतात, अजून पळवत नाहीत." आई त्यांच्याच बाजूने आहे. खरं सांगायचं तर मलाही धास्ती वाटते. जिथे रक्तच पोचत नाही तिथे आणखी ताण दिला तर स्नायू खराब नाही का होणार? नाशिकमध्ये कुणी हे केलं आहे का?

सुगरण_सिडको | ११ ऑगस्ट, रात्री १०:५५

ताई, माझे पण पाय फार दुखायचे. मला घट्ट लांब मोजे दिलेत, मांडीपर्यंतचे. रोज सकाळी घालते, पुष्कळ आराम आहे. रात्री गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायचं. अण्णांना करून बघा.

मेघ_मल्हार | १२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

आधी निदान पक्कं आहे ना, एवढं बघा. माझ्या आईचंही चालताना दुखायचं आणि आम्ही रक्तपुरवठाच धरून बसलो होतो. तिचं मणक्याचं निघालं. तिला नुसतं उभं राहून बरं वाटायचं नाही, बसावं लागायचं किंवा पुढे वाकावं लागायचं. भाजीची ढकलगाडी धरून वाकून चालली की लांबपर्यंत जायची. तुमच्या अण्णांना उभ्या उभ्या बरं वाटतंय आणि एबीआयही कमी आलाय, म्हणजे डॉक्टर बरोबर दिशेला आहेत.

फिजिओ_पंचवटी | १२ ऑगस्ट, दुपारी २:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अण्णांना मी तपासलेलं नाही, म्हणून त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्याच्या पुढे जाणार नाही. पण वरच्या एका सल्ल्याबद्दल आधी बोलायला हवं.

सुगरणताई, तुम्हाला दिलेले मोजे शिरांच्या त्रासासाठी आहेत. व्हेरिकोज व्हेन्समध्ये पायाकडून वर जाणारं रक्त साचतं, तिथे बाहेरून दाब दिला की आराम पडतो. अण्णांच्या बाबतीत खाली येणारं रक्तच कमी आहे. तिथे घट्ट मोजा घातला तर जे थोडं येतंय तेही अडेल. गरम पाणी तर नकोच. सोळा वर्षांच्या शुगरमध्ये तळपायाची संवेदना बोथट झालेली असू शकते, मग पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि भाजलेलं लवकर भरत नाही. अशी भाजलेली पावलं मी वर्षातून कितीतरी बघते. बहुतेक वेळा घरच्यांनी मायेनेच पाणी तापवलेलं असतं.

आता मूळ प्रश्न. एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. १.०० ते १.४० हे ठीक समजतात, ०.९० किंवा खाली गेला की पायाच्या धमन्यांचा आजार. (शुगरवाल्यांच्या धमन्या कधी कधी इतक्या कडक होतात की पट्ट्याने दाबल्याच जात नाहीत आणि आकडा १.४० च्या वर जातो. तोही चांगला नसतो, मग अंगठ्याचा दाब मोजतात.)

चालताना पोटरीला रक्त कितीतरी पटीने जास्त लागतं. अरुंद धमनीतून तेवढं येत नाही, स्नायू प्राणवायूवाचून तळमळतो, गोळा येतो. थांबलं की मागणी उतरते आणि दुखणं जातं. जे दुखणं थांबल्यावर काही मिनिटांत पूर्ण जातं, ते मागणी आणि पुरवठ्याचं गणित तात्पुरतं हुकल्याचं दुखणं आहे. ठरलेल्या मर्यादेत ते पुन्हा पुन्हा आलं म्हणून पाय निकामी होत नाही. उलट त्या ओढाताणीतूनच स्नायू शिकतो. धमनीला रुंदावण्याचा निरोप देणारा नायट्रिक ऑक्साइड वायू तिचं आतलं अस्तर जास्त सोडायला लागतं, स्नायूच्या पेशी आलेल्या प्राणवायूचा जास्त चांगला उपयोग करतात, चालही कमी खर्चाची होते. अडथळा विरघळत नाही हे मात्र आधीच सांगते. एबीआयचा आकडा बहुतेक वेळा फारसा हलत नाही. वाढतं ते अंतर.

हे कालचं खूळ नाही. विल्हेल्म एर्ब या जर्मन डॉक्टरांनी १८९८ मध्येच अशा रुग्णांना चालण्याचा व्यायाम सांगितला होता. १९६६ साली डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन यांनी दोन गट करून पहिली पद्धतशीर चाचणी घेतली. आज जगभरच्या मार्गदर्शिकांत देखरेखीखालचा चालण्याचा व्यायाम पहिल्या पसंतीच्या उपचारांत आहे.

किती दुखू द्यायचं, हा अवघड भाग. मी माझ्या पेशंटना आण्यांत सांगते, त्या पिढीला ते लगेच उमजतं. सोळा आणे म्हणजे पुढचं पाऊलच टाकवत नाही. चार आणे म्हणजे नुसती चाहूल. आपल्याला दहा-बारा आण्यांपर्यंत जायचं आहे. चाहूल लागल्या लागल्या थांबलात तर फायदा थोडा. सोळा आण्यांपर्यंत गेलात तर परतीला रिक्षा लागेल आणि दुसऱ्या दिवशी कुणी घराबाहेर पडणार नाही. चालीचा वेग असा ठेवायचा की तीन ते पाच मिनिटांत दुखायला लागेल. बारा आण्यांवर थांबून पूर्ण उतरू द्यायचं, बाकावर बसलं तरी चालेल, मग पुन्हा. थांबण्यासकट सुरुवातीला ३० ते ३५ मिनिटं, हळूहळू ५० पर्यंत. आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. दहा मिनिटं चालूनही दुखेनासं झालं की वेग किंवा चढ वाढवायचा.

सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. पायाच्या धमन्या अरुंद तर हृदयाच्याही असण्याची शक्यता मोठी असते, आणि पाय चालू देत नव्हता म्हणून छातीचं दुखणं आजवर दडून राहिलेलं असतं. चालताना छातीत दाटलं, घाम सुटला, दम लागला तर त्याच क्षणी थांबा.

गोदाकाठची | १२ ऑगस्ट, रात्री ९:०५

अण्णांना वाचून दाखवलं. आण्यांचं ऐकून पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाले, "मग मी आजवर चार आण्यांवरच थांबत होतो की." पण आणखी एक विचारतात. हळूहळू, दुखणारच नाही असं चाललं तर नाही का चालणार? वेळ भरपूर आहे, ते तासभर फिरतील.

परदेशी_नाशिककर | १३ ऑगस्ट, पहाटे ४:३०

याचं उत्तर एका अभ्यासात मिळालं आहे. मी न्यूजर्सीत असतो. इथे माझ्या मोठ्या भावाने याच आजारासाठी व्यायाम केला, तेव्हा मी पुष्कळ वाचलं होतं. २०२१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ३०५ रुग्णांचा अभ्यास आला. एका गटाला घरीच दुखणं येईल अशा वेगाने चालायला सांगितलं, दुसऱ्याला आरामात, दुखणार नाही असं. वर्षाने सहा मिनिटांत किती अंतर जातं ते मोजलं. दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं अंतर वाढलं. आरामात चालणाऱ्यांना, चालूनही, त्या मोजमापात फायदा दिसला नाही. अण्णांना सांगा, तासभराच्या हळू फिरण्यावर मेहनत वाया घालवू नका.

स्टेंटबद्दलही. २०१२ ची 'क्लेव्हर' नावाची चाचणी कमरेजवळच्या मोठ्या धमनीत अडथळा असलेल्यांवर झाली. सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवर देखरेखीखाली व्यायाम केलेले लोक स्टेंट घातलेल्यांपेक्षाही जास्त वेळ चालू शकले. अण्णांचा अडथळा मांडीत आहे, म्हणून ते निष्कर्ष जसेच्या तसे लावत नाही. इथे २०१७ पासून सरकारी मेडिकेअर विमा १२ आठवड्यांतल्या ३६ सत्रांचा खर्च देतो. भावाच्या केंद्रात सहा जण एकत्र चालायचे. एकमेकांच्या नादाने कुणी दांडी मारत नसे.

गोदाकाठची | १३ ऑगस्ट, सकाळी ८:१०

आमच्या पॉलिसीत दवाखान्यात भरती न होता केलेली फिजिओथेरपी बसत नाही, विचारून झालं. ट्रेडमिलही घरी नाही. गल्लीत चाललं तर चालेल का?

फिजिओ_पंचवटी | १३ ऑगस्ट, दुपारी १:३०

चालेल, पण सपाट रस्ता हवा, बसायला जागा हवी आणि सोबत कुणीतरी हवं. घरी एकट्यावर सोपवलेला कार्यक्रम बहुतेकांचा तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो. वही ठेवा, आठवड्याला डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवा. पहिली दोन-तीन सत्रं समोर करून घेतलीत तर आणे कुठे लागतात ते त्यांना नीट कळेल. बूट पायाला चावणारे नकोत. शुगरवाल्यांसाठी एमसीआर नावाच्या रबराची मऊ चप्पल मिळते ती घरात वापरा. रोज रात्री तळपाय आरशात बघा.

द्राक्षबाग | १५ ऑगस्ट, रात्री ८:४५

मी पिंपळगावचा, बागायतदार. वय ६१. मला दोन्ही पोटऱ्यांत होतं. दोन वर्षांपूर्वी अशी पाळी आली की बागेच्या अर्ध्या ओळीत थांबायचो. ऑक्टोबर छाटणीला मजुरांच्या मागे फिरता येईना. माणसं विचारायची, काका काय झालं, मी म्हणायचो घड बघतोय.

मला पण डॉक्टरांनी हेच सांगितलं. मी ओळी मोजल्या. पहिल्या दिवशी अर्धी ओळ, मग थांबा. कडेला जुनं स्टूल ठेवलं. पहिले तीन आठवडे काही फरक नाही, उलट पाय जड. मी बायकोला म्हटलं सोडून देतो. ती म्हणाली, बागेला पहिल्या वर्षी द्राक्षं लागतात का? पाचव्या आठवड्याला एक दिवस ओळ संपली तेव्हा लक्षात आलं की मी थांबलोच नाही. तीन महिन्यांनी अडीच ओळी.

मला एका डॉक्टरांनी समजावलं ते बरोबर पटलं. पाटाचं पाणी वाढलं नाही, तुम्ही ठिबक बसवलं. पाणी तेवढंच, पण मुळापाशी पोचायला लागलं.

एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. लग्नसराईत दीड महिना चालणं सुटलं आणि अंतर परत कमी झालं. परत पहिल्यापासून लागलो. हे औषधासारखं आहे, कोर्स संपला म्हणून बंद करायचं नाही.

सिन्नरकर | १६ ऑगस्ट, रात्री ११:३०

मी इथे कधी लिहीत नाही. पण अण्णांच्या जेवणानंतरच्या तंबाखूबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या सिन्नरला विड्यांचा धंदा जुना. आई घरी पानं कापायची, वळायची, आम्ही पोरं बंडलं बांधायचो. मी सतराव्या वर्षी ओढायला लागलो. तेहतिसाव्या वर्षी उजव्या पायाचं बोट काळं पडलं. शुगर नाही, बीपी नाही, कोलेस्टेरॉल नाही. डॉक्टर म्हणाले, बर्जर. तरुण वयात तंबाखूमुळे हातापायाच्या बारीक धमन्या सुजून बंद पडतात. मी विड्या कमी केल्या, बंद नाही केल्या. दिवसाला तीन. वाटलं तीनने काय होतंय. दुसरं बोट गेलं.

मग पूर्ण बंद. विडी नाही, तंबाखू मळणं नाही, मशेरी नाही. त्याला अकरा वर्षं झाली, त्यानंतर काहीही कापावं लागलं नाही. जखम भरल्यावर मीही चालायचा व्यायाम केला आणि आज शेतात जातो. अण्णांचा आजार वेगळा असेल, पण चालून जे कमावाल ते चिमटीने परत जाईल. त्यांना म्हणावं, एक मुलासारखा माणूस सांगतोय.

फिजिओ_पंचवटी | १७ ऑगस्ट, सकाळी १०:००

सिन्नरकर, तुम्ही लिहिलंत फार बरं केलंत. लिओ बर्जर यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन १९०८ मध्ये केलं आणि आजही त्यावर तंबाखू पूर्ण सोडण्याला पर्याय नाही. 'थोडीशी' चालत नाही.

तुमच्या अनुभवाला धरून सगळ्यांसाठी लिहिते. हा व्यायाम चालताना दुखणाऱ्या आणि थांबल्यावर बरं वाटणाऱ्या पायांसाठी आहे. रात्री झोपेत पाऊल दुखतं, पाय पलंगाखाली सोडून बसावं लागतं, बोट काळंनिळं आहे, जखम भरत नाही, तर चालून बघू नका, लगेच व्हॅस्क्युलर सर्जनकडे जा. आणि पाय अचानक थंडगार, पांढराफटक, बधिर झाला, बोटं हलेनात, तर ती वेळ तासांत मोजायची असते. सकाळपर्यंत थांबू नका.

गोदाकाठची | ३ सप्टेंबर, रात्री ९:५०

ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली. सिन्नरकरांचं मी अण्णांना वाचून दाखवलं नाही, फोन त्यांच्या हातात दिला. बराच वेळ धरून बसले. तंबाखूची डबी दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या हातात दिली. आज चौदा दिवस झाले. चिडचिड होते, बडीशेप सारखी तोंडात असते, पण डबी मागितली नाही.

आमच्या कॉलनीत विजेचे खांब आहेत, आम्ही खांब मोजतो. पहिल्या दिवशी चार खांबांना बारा आणे. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी मी ऑफिसातून आल्यावर आम्ही दोघं जातो. शेजारच्या काकांनी त्यांच्या फाटकाजवळ खुर्ची ठेवली आहे, अण्णांसाठी म्हणून.

फेरीच्या सोमवारी मात्र घरात कुणी बोललं नाही. टीव्हीवर त्र्यंबकेश्वरची गर्दी दाखवत होते, ती त्यांनी बंद केली.

गोदाकाठची | २९ सप्टेंबर, रात्री १०:१५

पाच आठवडे झाले आणि अजून पाच खांबच. अण्णा काल म्हणाले, उगाच तुझी संध्याकाळ जाते. मला काय बोलावं सुचलं नाही.

द्राक्षबाग | २९ सप्टेंबर, रात्री १०:४०

सोडू नका. खांब नका बघू, बारा आणे यायला किती मिनिटं लागतात ते बघा आणि परत उतरायला किती लागतात ते बघा. माझं आधी उतरणं लवकर व्हायला लागलं, अंतर नंतर वाढलं.

फिजिओ_पंचवटी | ३० सप्टेंबर, सकाळी ९:२०

तुम्ही पाठवलेला वहीचा फोटो बघितला. बारा आण्यांवर थांबतात असं लिहिलं आहे, पण पहिला थांबा सातव्या मिनिटाला पडतोय. म्हणजे वेग कमी आहे. पायाला जपण्यासाठी त्यांनी नकळत चाल हळू केली आहे, फार लोक करतात. थोडं झपझप चालू द्या, तीन ते पाच मिनिटांत दुखायला हवं. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला, ते आपोआप गाठतील.

गोदाकाठची | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बारा आठवडे काल पूर्ण झाले. दिवाळीत दोन दिवस बुडाले, ते नंतर भरून काढले.

अकरा खांब! वेग वाढवल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात सात झाले आणि मग दर आठवड्याला एकेक वाढत गेला. डॉक्टरांकडे एबीआय परत केला, उजवीकडे ०.६४. अण्णा आकडा बघून हिरमुसले, मग मीच त्यांना ठिबकचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आकड्यापेक्षा मला वहीत जास्त आनंद आहे.

काल संध्याकाळी आम्ही दोघं मुक्तिधामला चालत गेलो. जाताना दोनदा थांबलो. दोन्ही वेळा ते सरळ मला म्हणाले, "बारा आणे झाले, थांबू." पाट्या वाचल्या नाहीत. आई आधीच रिक्षाने जाऊन पायरीवर बसली होती.

आता एक नवं. गेल्या आठवड्यापासून लांब चाललं की डावी पोटरीही थोडी दुखते, पाच-सहा आणे. आधी कधीच नव्हतं. काळजीचं आहे का?

फिजिओ_पंचवटी | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

डावीचा एबीआय ०.८४ होता, म्हणजे तिथेही आजार होता. उजवी पोटरी चार खांबांवर थांबवत होती, म्हणून डावीला बोलायची वेळच येत नव्हती. आता अण्णा तेवढं लांब जातात. बहुधा एवढंच आहे, पण डॉक्टरांना या आठवड्यात सांगा आणि डावीची नाडी बघायला सांगा. थांबल्यावर दुखणं काही मिनिटांत उतरतं ना, तेही वहीत लिहा.

थंडी सुरू झाली आहे. गारठ्यात धमन्या आकसतात, म्हणून पहाटे नको, संध्याकाळी ऊन असतानाच निघा. पायमोजे सुती, सैल, आणि घालण्याआधी बुटात हात घालून खडा नाही ना ते बघा.

सिन्नरकर | १५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

डबी?

गोदाकाठची | १५ नोव्हेंबर, रात्री ११:२५

आईने तिच्यात सुया-दोरे ठेवलेत. अण्णांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.